घरमालकांचं विमान आणि अर्धा टंबलर

आमच्या घरमालकांनी आयुष्यात मनापासून पास केलेली एक तरी वस्तू मला कुणी दाखवावी, मी त्या माणसाला संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून हेब्बाळ ते महादेवपुरा स्वखर्चानं फिरवून आणीन. हे आमचे अण्णा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. विमानाच्या चाकांना लागणारे दांडे तपासायचे, मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट. ते निवृत्त झाले, पण त्यांचं इन्स्पेक्शन काही निवृत्त झालं नाही. दुधी भोपळा ते उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवतात. रिक्षात बसण्याआधी टायर अंगठ्यानं दाबून बघतात, आणि अर्ध्या रिक्षा तिथूनच निघून जातात. एकदा कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी डोशाची जाडी कडेला एक आणि मध्ये एक आहे म्हणून मालकाला बोलावलं. तो बिचारा कन्नडमध्ये म्हणाला, "सर, तो खायचाय, विमानाला लावायचा नाहीये."

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले आणि वरची खोली बघायला गेले, तेव्हा आधी मीच रिजेक्ट झाले होते. एकटी मुलगी, वर परगावची. मग त्यांनी सहज विचारलं, काम काय करतेस? सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हटलं. "म्हणजे इन्स्पेक्शन की?" "तसंच काहीसं." "सरी, ठीक आहे. सामान आण." त्यांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. माझी मराठी ते अर्थातच रिजेक्ट करतात. फार इंग्रजी आहे म्हणतात.

कारखान्यात म्हणे एक 'कन्सेशन' नावाची गोष्ट असते. माप किंचित चुकलेलं असतं, पण भाग चालण्यासारखा असतो, तेव्हा कुणीतरी सही करून तो पास करायचा. अण्णांनी नोकरीभर अशी एकही सही केली नाही. हे ते छाती पुढे काढून सांगतात. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं, आणि मग अक्कांकडे नजर गेली की जरा काळजी वाटते. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. या घरात सगळ्यांत जास्त वेळा रिजेक्ट झालेली वस्तू म्हणजे अक्कांची कॉफी. पातळ, कडू, गार, काही ना काही असतंच. अलीकडे नवी तक्रार सुरू झाली होती. "टंबलर अर्धाच का ग? पूर्ण भरायला काय होते की?" अक्का शांतपणे म्हणायच्या, "गार होते म्हणून. आणखी हवी तर आणखी देते." मग दोन-तीन अर्धे टंबलर पिऊन ते पूर्ण टंबलरसाठी भांडत बसायचे.

अशा या माणसानं एके दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानातून विमान उडवायचा खेळ आणि विमानाला धक्का बसला की हातात थडथडणारी भलीमोठी जॉयस्टिक आणली. दुकानदारानं दिलं ते लढाऊ विमान निघालं. अण्णांनी गोळ्या झाडायच्या बटणावर इन्सुलेशन टेपच गुंडाळली. "गोळीबार आपलं खातं नव्हे," म्हणाले. त्यांना फक्त विमान उतरवायचं होतं. "आयुष्यभर चाकाचे दांडे तपासले. ते जमिनीला टेकताना हाताला काय लागते, ते एकदा बघायचं आहे." एवढीच इच्छा, पण ती त्यांनी अशी काही धरली की अक्कांना दुपारच्या वेळी मिक्सर लावायची बंदी झाली.

जॉयस्टिक जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. काठी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली, हे त्यांना लगेच पटलं. काठी पिळली की शेपटीचा पंखा वळतो, तेही पटलं. इंजिनाचा दट्ट्या मात्र उलटा लागला होता. त्यांनी पूर्ण जोर दिला आणि इंजिन मंदावलं. "रिजेक्ट," म्हणाले, आणि मी सेटिंगमध्ये जाऊन तो सुलटा केला. पहिलं उड्डाण धावपट्टी सोडून डावीकडच्या गवतात संपलं. दुसऱ्यात त्यांनी नाक इतकं वर धरलं की वेग संपून विमान दगडासारखं खाली आलं. वर गेल्यावर ते चाकं आत घ्यायलाच तयार नसत. अहो, हवेत चाकं आत घ्यायची असतात, म्हटलं, तर म्हणाले, "दिसू देत की. चांगली आहेत." एकदा शत्रूचं विमान अगदी शेजारी आलं आणि यांचा धुव्वा उडाला. पळाला का नाहीत, मी विचारलं. "त्याची चाकं बघत होतो ग."

पण उतरायची वेळ आली की विमानाचं नाक थरथरायचं. धावपट्टी समोर दिसायची आणि नाक इकडून तिकडे, इकडून तिकडे. अण्णांनी जॉयस्टिक रिजेक्ट करून दुकानातून बदलून आणली. नवी पण तशीच. दुकानदाराशी वाद घालून आणखी एक आणली. ती पण तशीच. शेवटी मी म्हटलं, बघू, मला द्या. माझ्या हातात विमान सरळ चाललं. अण्णांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं दाबून धरला. "डॉक्टर म्हणाला होता. वाढणार आहे म्हणे हे," ते म्हणाले.

जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये एक सोय असते. मध्यभागी थोडी जागा अशी ठेवता येते की तेवढ्यात काठी हलली तरी विमानाला कळत नाही. मी ती सुचवली. अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी दांड्याला फेविकॉल लावायला सांगितलं. "म्हणजे कन्सेशन? माझ्या हाताला? बेडा." म्हणजे नको. नको म्हणजे नकोच. त्यानंतर कित्येक दुपारी ते एकटेच बसून विमान आपटत राहिले. जिन्यात भेटले तर फक्त मान हलवायचे. हाताची थरथर तर वाढतच जाणार होती, आणि हे असे हट्टाला पेटलेले. मला खरंच राग यायचा.

एका शनिवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "स्वल्प ये ग." मी गेले. ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "ती मधली जागा. घाल. लागेल तेवढीच, फुकटची नको." मी जागा केली. "सही कुठं?" सही नसते, फक्त ओके असतं, म्हटलं. "मग ते मी दाबणार." त्यांनी दाबलं.

धावपट्टी समोर आली. चाकं बाहेर, वेग कमी. नाक या वेळी सरळ होतं. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, जरा तिरकं होत गेलं आणि थांबलं. चाकं टेकली तशी काठी त्यांच्या हातात थडथडली. "धरली," अण्णा म्हणाले. "चाकांनी जमीन धरली ग."

तेवढ्यात अक्का कॉफी घेऊन आल्या. अण्णांनी टंबलर उचलला. हात हलला, कॉफी काठापर्यंत चढली आणि परत खाली गेली. सांडली नाही. त्यांनी टंबलरच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बघितलं, मग अक्कांकडे.

"हे कधीपासून ग?"

"गौरीच्या सणापासून," अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या.

"आणि सही कुणाची?"

"माझीच की."

अण्णांनी कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि रिकामा टंबलर अक्कांच्या हातात देत म्हणाले, "साखर जास्त आहे. पास."

हल्ली मी ती मधली जागा अधूनमधून थोडी वाढवते. ओके अण्णाच दाबतात. अक्कांचा टंबलरही आता अर्ध्याचा पाव झालाय. तक्रार फक्त साखरेची असते.