केंटकी अंकलचा खड्डा

केंटकी अंकल आगीकडे पाठ करून बसत. परसात विटांनी बांधलेला लांबट खड्डा, त्यात निखारे, वर जाळी, जाळीवर मटण आणि त्यावर पत्रा. हा माणूस मात्र कॅनव्हासची खुर्ची टाकून, पलीकडच्या कुंपणाकडे तोंड करून दिवसभर बसलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा झोपला. तेवढ्यात म्हणाले, "डावीकडे जाळ जास्त झालाय." उठले, फावड्याने थोडे निखारे मागे ओढले आणि परत पाठ फिरवून बसले. चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडत, त्यांचा आवाज ते ऐकत होते. "बघत बसलो की हात शिवशिवतात," म्हणायचे, "म्हणून बघतच नाही."

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला आलो ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. मी इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो होतो. मी आणि माझी बायको फिलू, दोघंही वसईचे. पहिल्या रविवारी मिस्साला गेलो, तर अख्ख्या चर्चमध्ये सावळे चेहरे आमचेच. मिस्सा संपल्यावर लोक हसले, हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि आपापल्या गाड्यांकडे गेले. एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा तेवढा थेट आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "तुमच्याकडे मेंढी खातात का?"

फिलू गोंधळून म्हणाली, "आम्ही बकरा खातो."

"लांबचं नातं आहे. चालेल," म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं.

पश्चिम केंटकीतल्या कुठल्याशा कॅथलिक गावात त्यांचा जन्म. अमेरिकन शेतकरी कापूस लावायला ऑस्ट्रेलियात आले, त्यांच्याबरोबर जिनिंगच्या यंत्रांचे मेकॅनिक म्हणून हे आले. इथल्याच बाईशी लग्न केलं, ती वारली, मूल नव्हतं. राहिला तो खड्डा. इथे बार्बेक्यू म्हणजे तापलेल्या पत्र्यावर सॉसेज उलटायचे आणि बिअर संपायच्या आत खायचे. अंकल अशा जेवणांना आनंदाने जात, दोन-दोन सॉसेज खात आणि घरी निघताना मला हळूच म्हणत, "छान तळले होते."

त्यांच्या गावाकडे चर्चच्या मेळ्याला म्हाताऱ्या मेंढ्यांचं मटण भाजत. एके काळी तिथे लोकरीसाठी मेंढ्या फार पाळल्या. लोकर द्यायची थांबली की त्या मेंढीचं करायचं काय? मटण चिवट आणि उग्र. मग पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मंद निखाऱ्यांवर ठेवायचं आणि अधूनमधून व्हिनेगर, मिरी, वूस्टर सॉस असलेलं काळपट पाणी त्यावर फिरवायचं. ते पाणी लावायला त्यांच्याकडे फरशी पुसायचा असतो तसला छोटा मॉप होता. फिलूने तो बघितला आणि मला कोपराने ढोसलं. "अहो, पोतेरं!" तासाभराने पुन्हा, "हा माणूस मटण शिजवतोय की नऊ दिवसांची नोव्हेना करतोय?" पण पहिला घास खाल्ल्यावर ती गप्प झाली. वसई सुटल्यापासून इतकं मनापासून जेवताना मी तिला पाहिलं नव्हतं.

जेवण झालं की अंकल टेबलावर अमेरिका मांडत. व्हिनेगरची बाटली उजव्या टोकाला: हे कॅरोलायना, इथे अख्खं डुक्कर आणि नुसतं व्हिनेगर. तिच्याच पश्चिमेला त्यात टोमॅटो घालतात, आणि तेवढ्यावरून चुलत भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दक्षिणेला मोहरीची बरणी, कारण तिथे जर्मन येऊन राहिले. नदीकाठी मेम्फिस, डुकराच्या बरगड्यांना कोरडा मसाला. जॅमची बाटली कॅन्सस सिटी: "त्यांना सगळंच गोड लागतं." पार डावीकडे मीठ-मिरीच्या डब्या, म्हणजे टेक्सस, जर्मन आणि चेक खाटकांची दुकानं, गाईच्या छातीचं मांस, कागदावर वाढलेलं. या सगळ्यात केंटकीतलं त्यांचं गाव म्हणजे पावाचा एक तुकडा. तो ते शेवटी खाऊन टाकत.

एकदा मी विचारलं, "पण हे सुरू कुणी केलं?"

अंकलनी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "खड्ड्यापाशी रात्रंदिवस उभे राहिले ते काळे गुलाम. टेबलाशी बसले ते मालक, आणि नाव झालं मालकांचं. मला शिकवलं तेही एका काळ्या माणसाने, ओटिसने. आमच्या चर्चच्या मेळ्यात सगळं मटण तो करायचा, आणि मिस्साला त्याला मागच्या बाकावर बसावं लागायचं. मी पुढे बसायचो. कधी मागे वळून बघितलं नाही." म्हणून मटण वाढण्याआधी ते न चुकता म्हणत, "हे ओटिसचं."

पुढे काही वर्षांनी आमच्या चर्चच्या वार्षिक मेळ्यात जेवणाचं काम अंकलना द्यावं, असं मी कमिटीत सुचवलं. कमिटीत घेतलेला मी पहिला भारतीय, आणि तोंड उघडलं तेही पहिल्यांदाच. कमिटीचा प्रमुख केविन हसला. "मेट, म्हातारी मेंढी आम्ही कुत्र्यांना घालतो." शेवटी हो म्हणाला, पण सॉसेज तयार ठेवीन, असंही म्हणाला. अंकलना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिले. आयुष्यभर त्यांना एवढंच हवं होतं: आपल्या चर्चच्या लोकांना एकदा हे खाऊ घालायचं.

मटण आदल्या दिवशी आमच्या धुण्याच्या खोलीतल्या जास्तीच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. संध्याकाळी मी ते बोटाने दाबून पाहिलं. चपलेसारखं. केविनचं हसू डोळ्यांपुढे आलं. वाटलं, उद्या हे चावलं गेलं नाही तर लोक अंकलना विसरतील, पण सुचवलं कुणी ते विसरणार नाहीत. मग मी आमच्या घरी करतात तेच केलं. कच्ची पपई किसली, मीठ घातलं आणि सगळ्या मटणाला चोळून लावली. फिलू म्हणाली, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, "तू झोप." पहाटे ते येण्याआधी मी सगळं धुऊन, पुसून ठेवलं.

अंकलनी एक फरा उचलला, दाबला आणि खुश होऊन म्हणाले, "मऊ आहे रे. मेंढी नशिबाने चांगली मिळाली."

आमच्या घरी पपई लावलेलं मटण तासाभरात शिजून ताटात येतं. इथे चर्चच्या आवारात मुद्दाम खणलेल्या खड्ड्यावर ते दिवसभर कोमट, मग गरम, मग आणखी गरम होत राहिलं. पपईचा रस नेमका अशा मंद उष्णतेत मांस खात जातो. एन्झाइमचं हे काम मी लॅबमध्ये रोज बघत होतो. तरी सुचलं नाही.

संध्याकाळी लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. फादरांनी प्रार्थना म्हटली. अंकल म्हणाले, "हे ओटिसचं," आणि पत्रा काढला. वरून सुरेख काळपट, खरपूस. काटा लावला आणि आतलं सगळं भिजल्या पिठासारखं ओघळलं. त्यांनी चिमूटभर तोंडात घातलं आणि तसेच उभे राहिले. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मेट, स्ट्रॉ आहे का?" लोक हसले. वाईट मनाने नव्हे. केविनने सॉसेज लावले, आणि पाच मिनिटांत रांग तिकडे वळली.

अंकल माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ओटिसचं नाव उगाच घेतलं मी."

तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या हातात ताटली होती आणि समोर केविन उभा होता. मी म्हटलं, "नो वरीज, अंकल. होतं असं."

त्यानंतर खड्डा पेटला नाही. आम्ही जात होतो. ते टोस्ट आणि डब्यातलं सूप द्यायचे. टेबलावर बाटल्या मांडणंही थांबलं. फिलूने एकदा मला गाडीत सांगितलं, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन." मी म्हटलं, आता काय उपयोग, उगाच त्यांना त्रास. तिने सांगितलं नाही. माझ्यासाठी गप्प राहिली. तेही माझ्याच खात्यावर.

आता सिडनीजवळ स्कोफिल्ड्सला माझ्या भाच्याच्या घरी धुरावर मांस भाजायचा मोठा लोखंडी स्मोकर आहे. त्याचे मित्र टेक्सस की कॅरोलायना यावर तावातावाने भांडतात. मला विचारतात, "मामा, तुम्ही तर टूवूंबाला एका अमेरिकनाकडे शिकलात ना?" मी म्हणतो, शिकलो नाही, नुसता जेवलो. ते हसतात. फिलू हसत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अंकलची फुप्फुसं थकली. ते आमच्याच इस्पितळात होते. त्यांचं रक्त माझ्याच लॅबमध्ये यायचं, आणि आकडे काय सांगतात ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि सावकाश, श्वास घेत घेत विचारलं, "तू होतास त्या दिवशी. खरं सांग. जाळ मी नीट ऐकला होता. लाकूडही नेहमीचंच. मग माझाच हात गेला का?"

इतक्या सरळ त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. उत्तर एका वाक्याचं होतं. दार बंद होतं. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "वय झालं की होतं, अंकल."

त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हात चादरीखाली घेतले.