हातावर बसणारी विहीण

ये गं, अशी जवळ बस. मघापासून पाहते आहे, पोरीच्या हातातली पेन्सिल तू तीनदा ओढून घेतलीस. अभ्यास तिचा आहे की तुझा? जाऊ दे तिला अंगणात, आणि तू माझ्या अकोल्याच्या विहीणबाईंची, लेकीच्या सासूची, गोष्ट ऐक. अख्ख्या वऱ्हाडात विहिणी काय कमी आहेत? पण अशी विहीण देवानं एकच केली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला दिली.

बाईंना दोन खुळं. पहिलं इंग्रजी गाण्यांचं. साधीसुधी नव्हेत, ती धडधडणारी, जुनी, रॉक म्हणतात म्हणे त्यांना. त्यांचे यजमान कृषी विद्यापीठात नोकरीला होते. तिथं आलेला एक गोरा पाहुणा देशी परत जाताना आपलं सामान वाटून गेला. कोणी पंखा नेला, कोणी खुर्ची. ह्यांच्या घरी आला टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कॅसेटी. तेव्हापासून त्या घरात सकाळ उगवायची ती ढोलांच्या दणदणाटात. बाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी एकदा विचारलं, अहो, तो काय म्हणतो ते कळतं का तुम्हाला? तर म्हणाल्या, "पोळ्याले बैलाले आरती समजते का? तरी मान हालवतेच ना." तूर पाखडायची ती त्याच तालावर. ढोल चढला की सूपही चढायचं, आणि अर्धी तूर शेजारच्या अंगणात. शेजारचे शिलाईवाले चाचा मुकाट्यानं ती वेचून वाटीत आणून द्यायचे, आणि जाताना हळूच चौकशी करायचे, भाभी, वो रोनेवाला गाना आज नहीं लगाया? मध्येच शब्द थांबून नुसती गिटार वाजू लागली की बाई सूप खाली ठेवून सगळ्यांना गप्प करायच्या. म्हणायच्या, आता पाहा, गडी एकटाच निघाला.

दुसरं खूळ लेकरांचं. लेकरानं विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही. आता आजीचे हात ते, शिवशिवणारच. मग बाई काय करायच्या, दोन्ही तळवे मांडीखाली घालून खरोखर हातांवर बसायच्या. पाय झोपायचे, हात झोपायचे, पण बाई उठायच्या नाहीत.

हे सगळं मला हसण्यापुरतं ठीक होतं. पण मग ती वर्षं आली. आमच्याकडे कापसानंही मान टाकली आणि बाजारानंही. जावयांचं दर्यापूरला बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते बसलं. दोघं नवराबायको कामासाठी नाशिकला गेली, आणि सहा वर्षांची नात राहिली अकोल्याला, ह्या आजीपाशी. वर्षभरानं शाळेतून नाशिकला निरोप गेला की पोर वाचत नाही. लेकीनं मला फोन केला, आई, तू जाऊन पाहा, आणि तुला वाटलं तर तिला अमरावतीला घेऊन ये. मला काय, वाटलेलंच होतं. नवी अंकलिपी घेतली, घरात तिच्यासाठी खाट टाकली, आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघाले.

पोचले तर काय, नात फ्रॉकच्या गुंड्या लावत बसलेली, पहिलीच चुकीच्या काजात. टेप दणाणतोय, आणि बाई हातांवर बसलेल्या. माझा हात आपोआप पुढं गेला. बाई म्हणाल्या, "इहीनबाई, बसा हातावर." आणि काय सांगू, मी बसले. पोरीनं तीनदा काढल्या, चौथ्यांदा बरोबर लावल्या, आणि आमच्या दोघींकडे न पाहताच खेळायला पळाली. माझ्या तळव्यांना चटईचे वळ.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. खूप बोलले. लेकरू मागं पडलं, ही गाणी पोट भरणार आहेत का, शिकवल्याशिवाय का कोणाला येतं. बाईंनी टेप बंद केला. तो त्या कधी बंद करत नाहीत. म्हणाल्या, "तुमाले कोनं शिकवलं होतं?"

मला कोणी शाळेत घातलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून, एकेक अक्षर ओळखत मी वाचायला शिकले, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "मला इलाज नव्हता, बाई. हिला आहे." त्यावर त्या नुसत्या पदराचं टोक पिळत राहिल्या. तेव्हा मला कळलं की पोर जाईल म्हणून ह्यांचाही जीव गोळा झालाय.

एवढ्यात नात आत आली. घर गप्प आहे हे तिला सोसेना. मी म्हटलं, लाव बाई एखादं, पण जरा सोसवेल असं. तिनं खोकं ओढलं. कॅसेटींवर बाईंनी आपल्या हातानं मराठीत चिठ्ठ्या डकवल्या होत्या, आणि हवी ती कॅसेट मात्र पोरीनं मागितली तरी शोधून द्यायला त्या साफ नकार द्यायच्या. पोर एकेका चिठ्ठीवर बोट फिरवत गेली. "तूर पा-ख-ड-ता-ना," वाचलं, बाजूला ठेवलं. "चा-चां-चं रड-कं," तेही ठेवलं. मग एकीवर थांबली, ओठ हलवले आणि मोठ्यानं म्हणाली, "इ-हीन-बा-ई आ-ल्या-वर. आ-वा-ज क-मी."

बाई लाजून भिंतीकडे पाहू लागल्या. मी अंकलिपी पिशवीत आणखी खाली सारली. तुला सांगते, ते गाणं फार गोड होतं. हळू वाजणारी गिटार, जशी कोणी दुरून हाक मारावी.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. नातीला विचारलंच नाही, कारण तिनं हो म्हटलं असतं तर बाईंचं काय, आणि नाही म्हटलं असतं तर माझं काय. चुकलं नाही काही. पोर तिथंच वाढली, वाचली, आता पुण्यात आपल्या बळावर शिकते आहे. फक्त तिचं लहानपण मला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतंच मिळालं, आणि ती खाट बरेच दिवस मी उचलली नाही. बाईंना आता ऐकू कमी येतं. मी गेले की ते माझं गाणंही त्यांना पूर्ण आवाजात लावावं लागतं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत बसतो.

तू पण अशी उभ्या उभ्या येत जाऊ नकोस गं. पोरीला घे, चार दिवस राहायला म्हणून ये. लवकर ये. घरात लेकराचा आवाज असला की बरं वाटतं मला.