पदव्या पडताळणारी सत्यशीला

सत्यशीला रामटेके भंडाऱ्याहून पुण्यात आली ती भूगोलातली बी.ए. घेऊन. साल सत्त्याण्णव. ज्याला त्याला तेव्हा कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. बुधवार पेठेतल्या एका क्लासात तिनंही सहा महिन्यांचा कोर्स केला. पण मुलाखतीत साहेब लोक पदवी वाचत आणि कागद परत सरकवत. "भूगोल? मग इथवरचा रस्ता बरोबर सापडला असेल," असं एकानं तोंडावर ऐकवलं.

अखेर नारायण पेठेत श्यामसुंदर कानिटकरांनी तिला ठेवून घेतलं. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. आयटी कंपन्या आपल्या माणसांच्या पदव्या खऱ्या की खोट्या, हे त्यांच्याकडून तपासून घेत. सत्यशीला गावोगावच्या विद्यापीठांत जायची, धुळीनं भरलेली निकालपत्रकं उपसायची. नकाशांवर तयार झालेल्या तिच्या नजरेतून शिक्क्याची वाकडी रेघसुद्धा सुटत नसे.

२००२ च्या मार्चात चेतन मोहोळकरची फाइल तिच्या हाती आली. दोन वर्षं प्रोग्रॅमर म्हणून काम करणारा, इंजिनिअरिंगची पदवी लावलेला. निकालपत्रकात त्याच्या सीट नंबरसमोर भलत्याच मुलीचं नाव होतं. चेतन दुसऱ्या वर्षाला तीनदा नापास होऊन कॉलेज सोडून गेला होता. तिनं तसा अहवाल दिला. कंपनीनं त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं. त्याचं ठरलेलं लग्नही मोडलं.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी तो ऑफिसच्या जिन्यात तिची वाट अडवून उभा राहिला.

"मला काम येत होतं," तो म्हणाला. "तुझ्या त्या रजिस्टरात ते लिहिलं नव्हतं ना?"

आणि त्यानं हातातलं हेल्मेट फिरवलं. पहिल्या फटक्यात तिचे पुढचे दोन दात गेले. दुसरा तिनं उजव्या हातावर झेलला, तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. केस धरून त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तुमच्या लोकांना डिग्र्या फुकट वाटतात, असं काहीबाही बरळत तो आपटतच राहिला. रक्तानं तिला दिसेनासं झालं. चाचपडत तिनं त्याचा अंगठा दातांत धरला आणि जीव खाऊन चावली. तो किंचाळून मागे सरला, पाय चुकला आणि आठ पायऱ्या खाली कोसळला.

हेल्मेट वरच्या पायरीवर राहिलं होतं. सत्यशीलानं ते डाव्या हातात उचललं, एकेक पायरी उतरून खाली गेली. बाई, बास, असं तो म्हणत होता. तिनं मारलं. जबडा मोडला तरी मारलं. कानिटकरांनी मागून येऊन तिला ओढलं, तेव्हा कुठे हात थांबला.

खटला तीन वर्षांनी उभा राहिला. चेतननंही उलट तक्रार केली होती. "पडल्यावर हात लावला नाही, एवढंच सांगा," असं वकिलानं तिला बजावलं होतं. कानिटकर सोडून कुणी पाहिलं नव्हतं आणि ते गप्प बसायला तयार होते. पण कागदावरच्या एका खोट्या ओळीपायी तिनं कित्येकांची नोकरी घालवली होती. शिवाय मारताना तिला बरं वाटलं होतं, हे ती कुणाला सांगू शकली नव्हती.

"तो खाली पडला होता, थांब म्हणत होता," ती कोर्टात म्हणाली. "त्यानंतर मी चार वेळा मारलं."

चेतनला दीड वर्षाची सजा झाली. तिलाही दोषी धरलं आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. सरकारी नोकरीसाठी ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती, तो नावावर गुन्हा लागल्यावर तिनं सोडला. भंडाऱ्याहून वडिलांचा फोन यायचा बंद झाला. कानिटकरांनी मात्र दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर अमरावतीचं तिकीट ठेवलं. सतरा फायली तुंबल्या आहेत, आपण रडून घेतलं असेल तर निघावं, असं ते म्हणाले. ती निघाली.

पुढे चेतननं कोथरूडला प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला. पाटीवर नावापुढे पदवी नव्हती, तरी मुलांची रीघ लागायची. छान शिकवतो, असं मुलं म्हणायची. एकदा तो रस्त्यात तिच्यासमोर आला. जबडा अजून वाकडाच होता. तो वळणाआड गेल्यावर सत्यशीलाला कळलं, आपली मूठ आवळलेली आहे. ती सोडायला तिला बराच वेळ लागला.