शून्याचा राखणदार

पाऊस न पडल्याची नोंद व्हावी म्हणून जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा धाकटा साडू निघाला. शिरूर कासारच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याचं गाव. गावामागच्या टेकडीवर सरकारनं पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं: वर एक नळकांडं, शेजारी सोलरची प्लेट, खाली पेटीत बॅटरी, आणि बॅटरी जिवंत असल्याची खूण म्हणून लुकलुकणारा हिरवा दिवा. यंत्रानं रोजचा आकडा वर कळवायचा. दुष्काळात आकडा कसला, शून्य! पण त्या शून्यावर आमच्या साडूचा भारी जीव.

त्याला कारणही तसंच होतं. यंत्र बंद पडलं, की घाटाखालच्या महसूल मंडळात पडलेला पाऊस या गावाच्या नावावर लागायचा. मग कागदावर गाव हिरवंगार आणि चारा छावणी नामंजूर. छावणी नाही म्हणजे सगळी जनावरं बाजारात. त्यात साडूची बैलजोडीही आली. "लोकाचा पाऊस आपल्या नावावर? आरं हाट्! आपला दुष्काळ आपल्याच नावावर लागला पायजे," असं तो सातबाऱ्यावरचं रान सांगावं तशा तोऱ्यात सांगायचा.

म्हणून स्वारी सकाळ-संध्याकाळ टेकडीवर. फेट्याच्या शेवानं प्लेट पुसायची. शेळ्या पेटीला अंग घासतात म्हणून भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. एका सोमवारी माझी मेहुणी, म्हणजे याची बायको, देवाला घालावं तसं त्या नळकांड्यात तांब्याभर पाणी घालायला निघाली. हा पायथ्यापासून बोंबलत सुटला, "अगं ए, तांब्या खाली ठीव! येका तांब्यात छावणी जाईल!" बाईनं आठवडाभर अबोला धरला. याला त्याचा पत्ताही नाही!

मग बॅटरीच म्हातारी झाली. कचेरीतला माणूस "येतो, येतो" म्हणत राहिला. साडूनं स्वतःच्या फटफटीची बॅटरी काढून तिथं लावली आणि आपण पायी हिंडू लागला. तीही मान टाकायला लागली तेव्हा जुनीच तात्पुरती जोडून ही सोसायटीच्या गोदामात नेऊन चार्जिंगला लावली. सोसायटीचे चेअरमन म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी पिनच उपटली. "छावणी मी आणणार हाय. तुजं डबडं न्हाई बे!"

त्याच दुपारी घाटाखाली आभाळ काळं झालं आणि टेकडीवरचा दिवा विझला. मी त्या दिवशी तिथंच होतो. चेअरमन पारावर भाषणात रंगलेले, जीप शेजारी उभी. साडूनं सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं, पाना चालवला आणि बॅटरी पोरासारखी कडेवर घेऊन निघाला. मी मागं धावलो. "अरे, केस होईल तुझ्यावर!" "हु दे की, दादा!"

"कुटं चालला बे?" चेअरमन गरजले.

हा थांबला, वळला. "जीप ढकलून चालू हुती, सायेब. जनावरं ढकलून हुबी ऱ्हात न्हाईत."

पारावर खसखस पिकली. कडक इस्त्रीतल्या कार्यकर्त्यांनी जीप ढकलली, आणि ती सुरू होईपर्यंत एकेकाचं धुळीनं पार भूत झालं. वर हिरवा दिवा पुन्हा लुकलुकू लागला. त्या संध्याकाळी घाटाखाली धो धो कोसळला. आमच्या यंत्रानं इमानेइतबारे शून्य कळवलं.

छावणी मंजूर झाली. फीत अर्थात चेअरमननीच कापली. बॅटरीची तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही. पहिल्या दिवशी सगळ्या गावाची जनावरं दावणीला आली. साडू सर्वांत शेवटी आला, एकच बैल घेऊन. जोडीतला दुसरा, मुंगळ्या, दोन दिवसांपूर्वी बसला तो उठलाच नव्हता. माणसं लावून उचलायलाही बघितलं होतं म्हणे.

दिवस कलला तसा फेटा झटकून तो टेकडीकडे निघाला. मी म्हटलं, "अरे, आता तरी बस. मिळाली ना छावणी?"

"यंत्र बंद पडलं तर काढून घेत्याल की, दादा. बाकीच्यांची हायेत ना अजून हुबी."

या खेपेला मीही त्याच्या मागं चढलो. प्लेट पुसून झाल्यावर तो दिव्याकडे बघत बराच वेळ बसला. मुंगळ्याचं दावं त्याच्या खांद्यावरच होतं.