चालू हाय, परत उघडू नका

तासगावच्या वाटेवरल्या हॅचरीत नूरीन कंप्युटरवर बसायची. मिरजेच्या सासरनं हाकलल्यापासून ती तासगावात भावाकडं राहत होती. भावजयीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पगार हाय तवर खाट हाय."

अंडी उबवायच्या पेट्यांवर एक प्रोग्राम नजर ठेवायचा. आतली ऊब वाढली की भोंगा वाजवायचा. पण मालक भाऊसोला धीर म्हणून नव्हता. प्रोग्राम उघडंस्तवर आयकॉन दाबत सुटायचा. मग एकाच प्रोग्रामच्या दोन-तीन खिडक्या उघडायच्या, पेट्यांकडनं येणाऱ्या एका तारेसाठी आपसांत भांडायच्या आणि भोंगा मुका व्हायचा.

म्हणून नूरीननं एक बॅच फाईल लिहिली. आयकॉन दाबला की फाईल आधी बघायची, त्या नावाची खिडकी उघडी आहे का. नसली तर प्रोग्राम सुरू करायची. असली तर काळ्या चौकटीत उमटायचं, 'चालू हाय, परत उघडू नका.'

"मालकाला दम भरतीया की फाईल!" मुकादम नाथाजी खदाखदा हसला.

"भरू दे. घरात बायकू भरती, हितं ही," भाऊसो म्हणाला.

एक खोट मात्र नूरीनला ठाऊक होती. फार वेळ चालला की प्रोग्राम गोठायचा, मग भोंगाही वाजायचा नाही. खिडकी पांढरीफटक पडायची, नाव मात्र वर तसंच. फाईल नाव बघायची, जीव बघायची न्हाई. म्हणून रोज निघताना ती खिडकी बंद करून नव्यानं उघडायची. कुणाला बोलली नव्हती. एवढं कौतुक झाल्यावर आपणच खोट कशाला दाखवायची?

खंडेनवमीला पेट्यांना, कंप्युटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. निघताना नूरीननं माउसकडं हात नेला.

"ए! पुजल्या हत्याराला हात?" भाऊसो खेकसला. "तुमच्यात चालत आसंल. आमच्यात उद्यापतूर शिवत न्हाईत."

"मालक, एकडाव बंद करून..."

"निघ म्हनलं न्हवं?"

ती निघाली.

संध्याकाळी दिवा लावायला आलेल्या भाऊसोला खिडकी पांढरी दिसली. शिवायचं नाही, हा त्याचा नेम त्यालाच पाळवला नाही. दाबलं. चालू हाय. परत दाबला. चालू हाय. भाऊसो निवांत घरी गेला.

दसऱ्याच्या सकाळी पेटी उघडली. आतनं गरम वाफ आली, पण चिवचिव काही आली नाही. भाऊसोनं नूरीनला फरशीवर बसवलं.

"फोड."

"मालक..."

"फोड म्हनतो! तुझ्या फाईलीनं मारली, तूच बघ."

ती फोडत गेली. प्रत्येकात पिल्लू पुरं झालेलं, चोच कवचाला टेकलेली.

"तुमाला पांढरी दिसली न्हाई का?" तिनं खाली मान घालूनच विचारलं.

"दिसली की. पर तूच लिवलंईस न्हवं, चालू हाय म्हनून?"

ती फोडत राहिली. एवढ्यात तळहातावर एक पिल्लू हललं.

"मालक, ह्ये जित्तं हाय!"

नाथाजीनं ते दोन बोटांत धरलं, उलटसुलट बघितलं आणि मेलेल्यांच्या पिंपात टाकलं. "एकट्यासाठी पिल्लं न्यायची गाडी कोन आनतंय?"

भाऊसोनं तिच्या भावाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. उचलला भावजयीनं.

"कामावरनं काढली? मग हिकडं कशाला धाडताय?"

गडी हसले. नूरीननं ओढणीला हात पुसले. बाहेरचा रस्ता तासगावला जात होता आणि मिरजेलाही. तिनं पुढचं अंडं उचललं आणि ट्रेच्या कडेवर आपटलं.