कर्नलसाहेबांचा खडक

“मॅडम जी, रिफ्यूजल!” आमच्या ड्रिलरनं, गुरमीतनं, रिगवरूनच ओरडून सांगितलं.

रिग म्हणजे जमिनीत बोअर घ्यायची तिपाई आणि तिचं मशीन. एक नळी जमिनीवर उभी धरायची आणि तिच्या डोक्यावर ठरावीक वजनाचा हातोडा आपटत राहायचं. कितीही ठोकलं तरी नळी खाली जाईना, की आम्ही त्याला रिफ्यूजल म्हणतो. खाली काहीतरी टणक आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते काय आहे आणि किती जाड आहे, हे नळीला कळत नाही.

कर्नल घोरपडेंना मात्र तेवढं पुरेसं होतं. ते खुर्चीतून उठून हात चोळत आले.

“लागला खडक! झालं काम. मॅडम, आमच्या साताऱ्याकडं पाया खणताना खडक लागला की गवंडी पेढे मागतो. गुंडाळा आता तुमचं मशीन.”

कर्नलसाहेब नुकतेच रिटायर झाले होते. मुलगी चंदीगडला डॉक्टर, म्हणून इथंच राहायचं ठरलेलं. शहरापासून तासाभरावर, शिवालिकच्या एका सोंडेवर त्यांनी प्लॉट घेतला होता. घर बांधायचं ते अगदी कड्यालगत, कारण खाली सगळी दरी दिसते. प्लॅन तयार होता. रविवारी भूमिपूजन होतं आणि त्यासाठी गावच्या शेतातला एक काळा दगड गाडीच्या डिकीत घालून आणला होता. जमिनीची तपासणी ही त्यांच्या लेखी निव्वळ फॉर्मॅलिटी होती. आर्किटेक्टनं अडून बसून ती करायला लावली, म्हणून सेक्टर चौतीसमधल्या माझ्या ऑफिसात ते आले. मीही कराडची निघाले, मग तर मी मुकाट्यानं सही करीन अशी त्यांची खात्रीच झाली.

“साहेब, अजून खाली जायचंय,” मी म्हटलं.

“खडकाच्या खाली काय असतं? खडकच ना?”

आपल्याकडं असतो. म्हणूनच ही चूक आपण घाटावरची माणसं हमखास करतो. लाव्हाचे थर एकावर एक गोठून आपला काळा पत्थर झाला. त्यावर घर बांधा नाहीतर किल्ला. शिवालिकची गोष्ट वेगळी आहे. हिमालयातून नद्यांनी वाळू, चिखल आणि गोटे वाहून आणले, पायथ्याशी पसरले. ते दबून दगड झाले आणि हिमालय ज्या रेट्यानं वर आला, पुढं त्याच रेट्यानं उचलले जाऊन त्यांचे डोंगर झाले. डोंगरांच्या मानानं ही पोरंच. वाळूचा थर असतो तिथं वाळूचा दगड, चिखलाचा असतो तिथं चिखलाचा दगड. आणि हे थर आडवे राहिलेले नाहीत, एका बाजूला कललेत.

गुरमीतलाही थांबायचंच होतं. आता नळी काढून दगड कापणारं बिट लावावं लागणार, म्हणजे जेवण लांबणार. “मॅडम जी, पत्थर पक्का है,” असं दोनदा म्हणून त्यानं बिट लावलं.

आधी वाळूचा दगड निघाला. राखाडी, चांगला कठीण. कर्नलसाहेबांनी तो हातात घेऊन माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसरीकडं बघायला लागले. मग दुपारी लालसर दगडाच्या कांड्या यायला लागल्या. गोल, गुळगुळीत, हातात घेतल्या तर जड.

“हा पण दगडच आहे,” कर्नलसाहेब म्हणाले.

“वहिनी, एक ग्लास पाणी मिळेल का?”

घोरपडेवहिनी गाडीपाशी चहा ओतत होत्या. त्यांनी स्टीलचा ग्लास भरून आणला. मी लाल दगडाचा एक तुकडा त्यात सोडला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त टेस्ट. रिपोर्टमध्ये तिला भारदस्त नाव आहे, पण करायचं एवढंच.

आधी बारीक बुडबुडे आले. मग कडा सुटायला लागल्या. आमचा चहा संपेपर्यंत ग्लासात दगड नव्हता, तळाला लाल गाळ होता.

कर्नलसाहेब थोडा वेळ ग्लासात बघत राहिले. मग ताडताड डिकीकडं गेले, गावच्या दगडाचा एक टवका काढून आणला आणि दुसऱ्या ग्लासात टाकला.

“आता हा बघा.”

आम्ही तिघंही बघत बसलो. तो आपला मजेत बसून होता.

“हा इथं खाली असता, तर मी मघाशीच तुमच्याकडून पेढे मागितले असते,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मी त्यांना कड्याखालच्या ओढ्यात घेऊन गेले. तिथं डोंगराची कापलेली बाजू दिसते. वर वाळूचा दगड, खाली लाल दगड, आणि दोन्ही थर दरीच्या बाजूलाच उतरत गेलेले.

“ओल्या साबणाच्या वडीवर पाट ठेवलाय आणि त्यावर तुम्ही बसताय, असं समजा,” मी म्हटलं. “पावसाचं पाणी फटीतून या लाल थरापर्यंत गेलं, की वरचा दगड कितीही पक्का असू दे.”

“कधी सरकेल?”

“ते नाही सांगता येणार. कदाचित तुमच्या हयातीत नाहीच.”

“मग काय!” त्यांचा आवाज चढला. “कदाचितवर मी घर हलवू? सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये काढलाय मॅडम. हिच्या खिडकीतून कायम समोरच्या क्वार्टरच्या चड्ड्या वाळत घातलेल्या दिसल्या. हिला शब्द दिला होता, एक खिडकी अशी देईन की समोर माणूस दिसणार नाही.”

मला वाईट वाटलं. त्यांना दुखवायची इच्छा नव्हती, आणि सही करून मोकळं व्हावं असंही क्षणभर वाटलं. पण मी म्हटलं, “साहेब, घर प्लॉटच्या मागच्या बाजूला घ्या. तिथं मी निश्चिंत सही करते. इथं नाही करणार.”

वर आल्यावर घर मागं घ्यावं लागेल, हे वहिनींना मीच सांगितलं. वहिनी त्या लाल ग्लासात बोट बुडवून बघत होत्या.

“मागं काय दिसेल हो ताई?”

“एक आंब्याचं झाड आहे. आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.”

त्यांचे डोळे भरले. मग पदरानं बोट पुसत त्या म्हणाल्या, “घ्या मागं. टाकी तर टाकी.”

भूमिपूजन रविवारीच झालं, पण मागं. कड्यालगत त्यांनी फक्त दोन खुर्च्या ठेवल्या. दर पावसाळ्यानंतर कर्नलसाहेबांचा फोन यायचा.

“मॅडम, तुमचा कडा अजून जागच्या जागी आहे बरं का!”

“असू दे, साहेब.”

“आंब्याला यंदाही आंबा नाही. टाकी मात्र गळतेय.”

मी ऐकून घ्यायची. आमच्या कामाचं हे असंच आहे. सल्ला बरोबर असला, तर काहीही घडत नाही आणि मग माणसं विचारतात, सल्ला कशाला दिलात?

यंदा फोन आला नाही. मीच केला. वहिनींनी उचलला.

“ताई, ह्यांनी खुर्च्या घराशी आणून ठेवल्यात. का, ते काही बोलत नाहीत. पण मी सकाळी जाऊन आले. कड्याला समांतर एक भेग पडलीय, बोट जाईल एवढी. प्लॅनमध्ये आमची बेडरूम होती ना, तिच्या बरोबर मधून.”

आपलं खरं ठरल्याचा आनंद होईल असं मला वाटायचं. तो काही झाला नाही. भेगेपलीकडं कुणी पाऊल टाकायचं नाही, तिच्यात पाणी जाऊ नये म्हणून चिकणमाती ठासून घ्यायची आणि मी येऊन बघेपर्यंत तिकडं फिरकायचं नाही, एवढं सांगितलं.

“साहेबांना देऊ का फोन?”

“नको वहिनी.”

इतक्या वर्षांत मी शिकले ते एवढंच. खडक किती कठीण आहे, हे शेवटी विचारावं. आधी विचारावं, तो कुठल्या बाजूला कललाय आणि भिजल्यावर कसा वागतो. जावई बघताना आपण हे विचारतोच, जागा बघताना मात्र नुसता व्ह्यू बघतो.