पाठीमागे बांधलेले हात

प्राण्यांच्या दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. डॉक्टर तपासत, शस्त्रक्रिया करत, औषधे लिहून देत. त्यानंतर जे उरे, म्हणजे जनावर घरी गेल्यावर माणसाने काय करायचे, ते गेली बावीस वर्षे सिस्टरच्या वाट्याला आले होते. कण्याला मार बसून मागचे धड लुळे पडलेल्या मांजराला पुष्कळदा स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन वेळा पोट बाहेरून दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. हे न जमले तर मांजर दगावते. भलताच जोर लागला तरी दगावते. या दोहोंमधली जागा बोटांनाच सापडावी लागते, आणि ती परक्या बोटांना सापडवून देणे हे तिचे काम होते.

त्याची तिची एक रीत होती. कोमट पाण्याने अर्धा भरलेला फुगा ती लोकरी मोज्यात घाली, मोजा उशीच्या अभ्र्यात कोंबी आणि म्हणे, "शोधा." फुगा हाती लागला की, "आता दाबा. पिळायचं नाही." मग खरे मांजर टेबलावर येई. त्या क्षणी ती दोन पावले मागे सरके आणि हात पाठीमागे बांधून उभी राही. नवख्यांना ही मिजास वाटे. परंतु नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने एका शिक्षिकेच्या हातांवर आपले हात ठेवून तीन दिवस धडा दिला होता. बाई आनंदाने घरी गेल्या आणि चौथ्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेले निश्चल मांजर घेऊन परतल्या. "इथं तर येत होतं हो मला," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. येत होते ते सिस्टरला. तेव्हापासून शिकणाऱ्याच्या हाताला तिने हात लावला नाही.

घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी आपली मांजरी ठकी घेऊन आले तो सोमवार होता. जिन्यावरून पडून ठकीचे मागचे पाय गेले होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "शुक्रवारपर्यंत तुमच्या हाताला जमलं तर घरी ठेवा. नाहीतर तिला शांतपणे झोपवू. रोज नळी घालत राहायचं म्हणजे तिचे हाल आहेत."

बुधवारपर्यंत घड्याळजी रोज शिकायला आले, तरी बोटे बिचकत आणि शेवटी नळीच घालावी लागे; गुरुवारी मात्र ते फिरकले नाहीत. शुक्रवारी सकाळी ते हसतच आत आले. मागोमाग त्यांची थोरली बहीण, जिला सारा दवाखाना एव्हाना अक्का म्हणू लागला होता.

"सिस्टर, सुटलो! कालपासून दाबायलाच लागलं नाही. आपली आपण करतेय. दर तासाला टॉवेल ओला!"

सिस्टरने ठकीच्या पोटावर हात ठेवला. पोट चेंडूसारखे टणक होते.

"काका, ही करत नाहीये. ही सांडतेय."

"म्हणजे?"

"काठोकाठ भरलेला हंडा नळाखाली राहिला की ओघळतो. म्हणून काय तो रिकामा झाला?"

घड्याळजींचे हसू जागच्या जागी विरले. डॉक्टरांनी येऊन पोट चाचपले. "अजून हातानं निघेल. पण दमानं. माझं एक ऑपरेशन आहे, अर्ध्या तासात येतो." मुदत आजचीच होती.

ठकी कुशीवर निजली होती, कान मागे पडलेले. घड्याळजींची बोटे पोटापाशी जात, टेकत आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखी मागे येत.

"अरे, ते काही घड्याळ नाही, उघडून दोन महिने बघत बसायला," अक्का म्हणाली.

"अक्का, तू जरा गप्प बस."

"गप्पच आहे मी. बोलले असते तर कळलं असतं तुला."

"चाळीस वर्षं या हातांना एकच शिकवलंय, सिस्टर. जोर लावायचा नाही. जोर लावला की मोडतं."

बोटे पुन्हा टेकली आणि मागे आली. ठकी गुरगुरायची थांबली, आणि ते थांबणे गुरगुरण्याहून वाईट होते. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटे गेली होती. सिस्टरच्या हातांना ती लघवीची पिशवी कुठे आहे, किती ताणली आहे, कोणत्या बाजूने सुटेल हे सगळे ठाऊक होते. एक पाऊल पुढे टाकायचा अवकाश होता. तिने पाठीमागे एका हाताने दुसऱ्याचे मनगट गच्च धरले.

"काका, चावीच्या घड्याळाला चावी देताना कुठं थांबायचं ते कसं कळतं?"

"स्प्रिंग सांगते ना. बोटांना उलटं ढकलते."

"मग हिला विचारा. ढकलतेय का?"

घड्याळजींनी डोळे मिटले. दोन्हीकडून सपाट ठेवलेली बोटे या वेळी मागे आली नाहीत. "हो... ढकलतेय."

"तिथंच राहा. वाढवू नका, सोडू नका. शेपटीच्या दिशेनं."

काहीच झाले नाही. शेजारच्या खोलीत नळ सुरू होऊन बंद झाला. डॉक्टर हात धूत होते. घड्याळजींच्या कपाळावर चढवलेले भिंग घामाने घसरून नाकावर आले, तरी बोटे ढळली नाहीत. आणि मग खाली ठेवलेल्या तसराळ्यात बारीक धार वाजू लागली.

"बाई गं," अक्का पुटपुटली.

धार बारीक होत थांबली. दार उघडून डॉक्टर आत आले. त्यांच्या हातात झोपवायच्या औषधाने भरलेली सिरिंज होती. त्यांनी तसराळ्याकडे पाहिले. "झालं?"

सिस्टरने घड्याळजींकडे पाहिले. कालचा ओला टॉवेल तिच्या डोळ्यांसमोर होता. ती हो म्हणाली असती तर घड्याळजी आणखी एकदा फसले असते, आणि उद्या घरी त्यांना अडवायला कोणी नसते.

घड्याळजींनी डोळे उघडले नाहीत. बोटे जरा पुढे सरकवून थांबले.

"नाही, डॉक्टर. पिशवी अजून लिंबाएवढी आहे."

डॉक्टरांनी सिरिंजवर टोपण बसवले. सिस्टरचे हात आपोआप पुढे आले. मनगटावर चार नखांच्या लाल खुणा उमटल्या होत्या.

"मग काढ की," अक्का डोळे पुसत खेकसली. "सांगत काय बसलायस!"